मायटर सॉ : दोन मिनिटांची घाई आणि कारागिराचा अंगठा

कारागीर बांधवांच्या कारखान्यांत हातकरवतीची बरीचशी जागा आता विजेच्या यंत्राने घेतली आहे. फोटोफ्रेम असो, दरवाजाची चौकट असो, सोफ्याचा सांगाडा असो की दुकानाचे काउंटर असो, सरळ किंवा ४५ अंशांचा काप घ्यायचा म्हटला की मायटर सॉ पुढे येते. उस्ताद मंडळी लाकडी साच्यात करवत घालून जे काम घाम गाळून करीत, ते हे यंत्र काही सेकंदांत करते. सोय मोठी आहे. मात्र जे पाते सागवान सेकंदात कापते, त्याला बोट कापायला तेवढाही वेळ लागत नाही.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. लाकडाचे काम आम्ही करीत नाही, करवून घेतो. तरीही या यंत्रावर लिहिण्याचे कारण आमच्याच दुकानात घडले. रमजानच्या खरेदीपूर्वी नवे काउंटर बसवायचे होते. कारागीर जाणता होता, वीस वर्षांचा त्याचा हात. दुकानामागच्या पडवीत त्याने यंत्र मांडले होते. सर्व काम झाले. कोपऱ्यात लावायचा बीडिंगचा दोन इंची तुकडा तेवढा राहिला. आम्ही दाराशी उभे राहून तिसऱ्यांदा विचारले, "झाले का?" तो म्हणाला, "सेठ, दोन मिनिटं." तुकडा थोडा लांब होत होता, म्हणून तो डाव्या हाताच्या चिमटीत धरून त्याने पाते खाली घेतले. पेन्सिलची खूण नीट दिसावी म्हणून पात्यावरचे गार्ड त्याने तारेने वर बांधून ठेवले होते. तुकडा खेचला गेला आणि त्याबरोबर अंगठा. वरचे पेर गेले. काउंटर वेळेवर झाले, कारागीर मात्र चार महिने घरी बसला. दवाखान्याचा खर्च आणि मजुरी आम्ही दिली. पेर काही परत आले नाही. त्यानंतर या यंत्राची माहितीपुस्तिका आम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि जाणत्या सुतारांना विचारले. जे कळले ते येथे देत आहोत.

पात्याची ताकद

या यंत्रात १० इंची, म्हणजे सुमारे २५५ मिलिमीटरचे पाते सर्रास असते. ते मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होतो. पात्याला ६० दाते असतील, तर एका सेकंदात ५००० दाते लाकडावरून जातात. हात मागे घेण्याची अक्कल सुचेपर्यंत काम झालेले असते. म्हणून "आम्ही सांभाळून करतो" हे उत्तर पुरेसे नाही. हात तेथे पोहोचणारच नाही अशी व्यवस्था केली पाहिजे.

पाते फिरताना लाकडाला मागच्या उभ्या आधाराकडे, म्हणजे फेन्सकडे ढकलते. लाकूड टेबलावर सपाट बसलेले आणि फेन्सला घट्ट टेकलेले असेल, तर हीच ओढ आपल्या फायद्याची. पण मध्ये फट असेल, तर लाकूड झटक्याने मागे आदळते आणि ते धरणारा हात पात्यात ओढला जातो. पट्टी वाकडी असेल, तर तिची फुगीर बाजू फेन्सकडे ठेवावी. कापाच्या रेघेवर फट राहिली, तर तो काप घेऊच नये.

हात कोठे ठेवावा

पात्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर जागा ही हातासाठी मनाई समजावी. टेबलावर लाल रंगाची रेघ ओढून घेतली तर उत्तम. टेबल ४५ अंशांवर फिरवले की पात्याची रेघ तिरकी होते आणि एका बाजूचा हात पूर्वीइतका दूर राहत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. पात्याच्या रेघेवरून हात आडवा नेऊन, म्हणजे हातांची कैची करून, लाकूड कधीही धरू नये.

तुकडा इतका लहान असेल की सहा इंच सोडून धरताच येत नाही, तर तो हाताने धरायचा नाही. यंत्रासोबत बहुधा शिकंजा मिळतो. आमच्या पाहण्यात असे आले की तो डब्यातून बाहेरच निघत नाही. लाकूड शिकंजाने आवळावे, हात दूर ठेवावा. लहान तुकडा हवा असेल तर तो लांब पट्टीतूनच काढावा: लांब भाग आवळलेला, आणि लहान तुकडा मोकळा कापला जाईल असा. मोकळ्या तुकड्याला मात्र शिकंजा, ठोकळा किंवा हात लावून अडवू नये. अडकला तर तो गोळीसारखा उडतो. आधीच लहान असलेला तुकडा केसभर कमी करायचा असेल, तर बारीक दातांची हातकरवत आणि जुना लाकडी साचा आजही हाताशी ठेवावा. त्यात कमीपणा नाही. आमच्या कारागिराने तेवढे केले असते, आणि आम्ही त्याला तेवढा वेळ दिला असता, तर त्याचा अंगठा आज शाबूत असता.

कापाची रीत

प्लग काढून पाते एकदा खाली आणून पाहावे. ते कोठे उतरते ते कळते. मग प्लग लावावा, यंत्र सुरू करावे आणि पात्याला पूर्ण वेग येऊ द्यावा. लाकडाला पाते टेकवून यंत्र सुरू करू नये. एका वेळी एकच पट्टी कापावी. वेळ वाचवण्यासाठी तीन-चार पट्ट्या एकावर एक ठेवल्या की त्या सरकतात. लांब पट्टीच्या टोकाला टेबलाच्या उंचीचा आधार द्यावा. ते टोक धरायला पोराला उभे करू नये.

काप पूर्ण झाला की बटण सोडावे, पाते खालीच धरून ठेवावे, ते पूर्ण थांबू द्यावे, आणि मगच वर उचलावे. फिरते पाते वर उचलले की कापलेला तुकडा त्यात अडकून उडतो. तुकडा उचलणे, भुसा झटकणे ही कामेही पाते थांबल्यावरच. पुढे-मागे सरकणाऱ्या यंत्रात डोके आधी रिकामेच आपल्याकडे ओढावे, सुरू करावे, खाली दाबावे आणि पुढे ढकलत कापावे. आपल्याकडे ओढत कापले तर पाते लाकडावर चढून अंगावर येते.

गार्ड तारेने, सुतळीने, चिकटपट्टीने बांधणे हा गुन्हा समजावा. खूण दिसत नसेल तर गार्डवरचा भुसा पुसावा, दिवा जवळ घ्यावा. गार्ड अडकत असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत यंत्र बंद ठेवावे.

लोखंड कापण्याची घासणारी चकती या यंत्रावर चढवू नये. लोखंडासाठी चॉप सॉ वेगळी असते. अ‍ॅल्युमिनियम कापायचे तर यंत्राच्या पुस्तिकेत परवानगी आहे का ते पाहावे आणि त्यासाठीचेच पाते घ्यावे. पाते बदलताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढलाच पाहिजे.

वीज, कपडे आणि भुसा

प्लग तुटला म्हणून वायरीची उघडी टोके सॉकेटमध्ये आगपेटीच्या काडीने ठोकण्याची वाईट रीत अनेक ठिकाणी दिसते. ती सोडावी. पिन नीट लावावी, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा. काम चालू असताना वीज गेली तर प्रथम प्लग काढावा. बटण दाबलेल्या स्थितीत अडकून राहिले असेल, तर वीज येताच पाते आपोआप फिरू लागते आणि त्या वेळी हात कोठे असेल ते सांगता येत नाही.

कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्यात. गळ्यातला रुमाल, मनगटातला दोरा, घड्याळ, अंगठी काढून ठेवावी. फिरत्या पात्यापाशी हातमोजे नकोत. धागा अडकला तर हातही जातो. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे हवेत. भुशाला हलके समजू नये. लाकडाच्या भुशामुळे नाकाचा कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली दिला. भुसा ओढणारी पिशवी लावावी आणि तोंडावर चांगला मास्क घालावा.

शागीर्दाला यंत्र देण्याआधी महिनाभर पाहू द्यावे, मग उस्तादाने शेजारी उभे राहून करू द्यावे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला असे काम देणे गुन्हा आहे. आपल्या मोहल्ल्यात अजून ही चूक होते, म्हणून स्पष्ट लिहितो.

अपघात झालाच तर

जखमेवर धुतलेला सुती कपडा घट्ट दाबून धरावा आणि हात वर ठेवावा. हळद, कॉफी, चुना काही लावू नये. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. मग बोट जोडण्याची शस्त्रक्रिया होते अशा इस्पितळात लगेच न्यावे. असे इस्पितळ कोठे आहे त्याची चौकशी आजच करून नंबर भिंतीवर लिहून ठेवावा.

जिम्मेदारी कोणाची?

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात, पुढील दुरुस्त्यांसह, अवयवांचा हिशोब मांडलेला होता: अंगठ्याचे वरचे पेर गेले तर कमाईच्या शक्तीत २० टक्के घट, पूर्ण अंगठ्याची ३० टक्के, पूर्ण तर्जनीची १४ टक्के, एका हाताच्या चार बोटांची ५० टक्के. कायद्याला कुठेतरी आकडा लिहावाच लागतो. पण ज्याचे हुनर चिमटीत आहे, त्याला विचारा की पेर गेल्यावर किती टक्के उरते.

सहीह मुस्लिममध्ये हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) सुतार होते असे आले आहे. असे हे इज्जतीचे काम. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू काय, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले, हेही आपण जाणतोच. गार्ड खाली ठेवणे, शिकंजा आवळणे, प्लग काढणे म्हणजे आपला उंट बांधणे होय. बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबण्यापूर्वी ही तयारी पूर्ण असावी.

आणि काम देणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांसाठी एक गोष्ट. मुदत ठरवताना कारागिराला विचारून ठरवावी, आणि यंत्र चालू असताना दाराशी उभे राहून "झाले का?" विचारू नये. त्या दिवशी दुकान दोन दिवस उशिरा उघडले असते तर आमचे थोडे नुकसान झाले असते, आणि ते पुढच्या ईदला भरून निघाले असते. कारागिराचा हात आपल्याकडे कामापुरती आलेली अमानत आहे. ती जशी आली तशीच घरी परत गेली पाहिजे.

अल्लाह आपल्या सर्व कारागिरांचे हात सलामत ठेवो आणि आम्हा मालकांना सबुरी देवो. आमीन.