हात लहान नाही, ग्रिप मोठी आहे

अगं, ‘ताई, माझा हातच लहान आहे, पिस्तूल मला जमायचं नाही’ हे पुन्हा बोलू नकोस. नेमबाजी शिकायला येणाऱ्या कितीतरी मुली हे सहज बोलून जातात, आणि आजूबाजूचे लोक तितक्याच सहज माना डोलावतात. मला त्याचा मनापासून राग येतो. क्लबचं पिस्तूल दहा जणांच्या हातात फिरतं, म्हणून त्याला बहुतेक वेळा मोठ्या मापाची ग्रिप लावलेली असते. एखाद्या उंचपुऱ्या मुलाचा पंजा तिच्यात नीट बसतो. तुझा हात मात्र आत पोकळ राहतो. ती पोकळी भरून काढायला तू मूठ आवळतेस, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, फोरसाइट थरथरते, आणि वर तुलाच ऐकवलं जातं की सराव वाढव. सराव वाढवच, पण आधी त्या ग्रिपच्या लाकडाकडे बघ.

एअर पिस्तुलात सगळा कारभार एका हाताचा आहे. किलोभराचं पिस्तूल हात लांब करून धरायचं आणि सव्वा तासात ६० शॉट मारायचे. दुसऱ्या हाताचा टेकू चालत नाही, मनगटाला आधार चालत नाही. रायफलवाल्यांना निदान जाड जॅकेट असतं, खांद्याला टेकवायला दस्ता असतो. आपल्या शरीराची आणि पिस्तुलाची गाठ फक्त तळहातात पडते. दहा मीटरवरच्या टार्गेटमधलं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असेल, तर फोरसाइट खाचेत एक मिलिमीटर सरकली की छर्रा टार्गेटवर तीन सेंटिमीटर सरकतो. दहा तर जातोच, आठही हाती लागत नाही. आणि ती फोरसाइट सरकवणारी गोष्ट बहुतेक वेळा तुझा डोळा नसतो. ग्रिप मनगटाला जिकडे वळवते, तिकडे साइट जाते.

आता एक परीक्षा सांगते. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री कर, तोंड टार्गेटकडेच ठेव. नेहमीसारखी उभी राहा, ग्रिप धर, हात उचल, नेम घे आणि डोळे मीट. दोन-तीन शांत श्वास घे आणि डोळे उघड. साइट जुळलेल्या आहेत, पण सगळं पिस्तूलच टार्गेटच्या डावीउजवीकडे गेलंय, तर दोष उभं राहण्यात आहे, मागचा पाय थोडा सरकव. पण फोरसाइटच मागच्या खाचेतून एका बाजूला गेली असेल, किंवा वर डोकावत असेल, तर तो ग्रिपचा दोष आहे. डोळे उघडे असताना तू मनगट वळवून तो झाकत होतीस, इतकंच. एकदा झाकता येतो, दहादा येतो, चाळिसाव्या शॉटला मनगट दमतं आणि झाकणं बंद होतं. ‘माझं शेवटच्या दोन सिरीजमध्ये काय होतं कळत नाही’ म्हणतेस ना, ते हे असू शकतं.

पिस्तुलापिस्तुलांत फरक आहे तो इथे. श्टायर, मोरिनी, वाल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ ही नावं तू रेंजवर रोज ऐकतेस, आणि कुठलं चांगलं यावर वाद घालणारेही रोज भेटतात. नेम सगळ्यांचाच उत्तम आहे. फरक आहे तो ग्रिप नळीशी किती कोन करते, हात नळीच्या किती जवळ बसतो आणि वजन पुढे आहे की मुठीत, याचा. काहींत ग्रिपचा कोन स्क्रूने थोडा बदलता येतो, काहींत येत नाही. एकीला जे पिस्तूल उचलताच साइट जुळलेली दिसते, तेच दुसरीला सतत खाली झुकलेलं वाटतं, कारण मनगटाची ठेवण वेगळी. म्हणून कुणी कितीही कौतुक केलं तरी हातात धरून, डोळे मिटून बघितल्याशिवाय बाबांना पैसे काढायला लावू नकोस. एअर पिस्तुलाच्या ग्रिप एक्स्ट्रा स्मॉलपासून लार्जपर्यंत मिळतात. जुनंच पिस्तूल ठेवून नुसती योग्य मापाची ग्रिप घेणं हे कितीतरी कमी खर्चाचं काम आहे. तू लहान चणीची आहेस, तर आखूड नळीची, हलकी मॉडेलंही असतात, तीही उचलून बघ.

तळहाताखालची फळी, म्हणजे पामरेस्ट, हे तर नवशिक्यांचं मोठं दुखणं. ती स्क्रूने वरखाली होते. नवीन मुलगी काय करते, तर ती वर सरकवून हात गच्च दाबून घेते. पहिल्या पाच मिनिटांत फार छान वाटतं, पिस्तूल हाताला चिकटल्यासारखं. मग करंगळीकडची कड सुन्न पडायला लागते, बोटांत नाडीचे ठोके जाणवायला लागतात आणि तोच ठोका फोरसाइटवर दिसतो. पामरेस्टने हाताला खालून स्पर्श करावा, चिमटा काढू नये. हात आत घालताना किंचित दाब लागावा आणि बाहेर काढताना ओढाताण होऊ नये. शिवाय सकाळचा हात आणि दुपारचा हात सारखा नसतो. मे महिन्यात बालेवाडीला दुपारच्या डिटेलला उभी राहशील तेव्हा बोटं फुगलेली असतील. सकाळी लावलेला स्क्रू तेव्हा अर्धा फेरा सैल करावा लागला तर त्यात काही चुकीचं नाही. स्क्रूवर पेनाने खूण करून ठेव, म्हणजे परत जागेवर आणता येतो.

ट्रिगरचं बोट नीट बघ. पहिल्या पेराचा मधला गुबगुबीत भाग ट्रिगरवर यायला हवा, आणि बोटाचं मूळ ते दुसरं पेर यात बोट लाकडाला कुठेही घासता कामा नये. कागद सहज सरकेल एवढी फट हवी. बोट लाकडाला टेकलेलं असेल तर ट्रिगर ओढताना तू लाकूडही ढकलतेस आणि शॉट एका बाजूला जातात. ट्रिगर लांब पडत असेल तर तो मागे घेता येतो, त्यासाठी हात ग्रिपमध्ये वळवून पुढे न्यायचा नाही. अशा वळवलेल्या हाताने पिस्तुलाचा भार अंगठ्याच्या सांध्यावर येतो, आणि तो सांधा एकदा बिघडला की महिनोन् महिने त्रास देतो. जोर द्यायचा तो मधल्या बोटाने आणि अनामिकेने, सरळ मागे. करंगळी नुसती सोबतीला. अंगठा नुसता टेकलेला.

आता लाकूड घासायचं. याला सगळ्या घाबरतात, कारण ग्रिप महाग असते. पण अक्रोडाची ग्रिप घासण्यासाठीच असते, बाई! रेडीमेड ब्लाउज आपण टिपा मारल्याशिवाय घालत नाही, तसंच हे. आधी ग्रिप पिस्तुलापासून सोडव, भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत जाता कामा नये. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेव. मग तळहाताला आणि बोटांना आतल्या बाजूने जुनी लिपस्टिक पातळ लाव आणि ग्रिप नेहमीसारखी धर. जिथे गडद डाग उमटला तिथे लाकूड टोचतंय, जिथे काहीच उमटलं नाही तिथे पोकळी आहे. बहुतेकींना अंगठ्याच्या मुळाशी आणि मधल्या बोटाच्या खाचेच्या वरच्या कडेला गडद डाग दिसतो. तिथेच ८० नंबरच्या पॉलिश पेपरने थोडं घास, पुसून परत हात घालून बघ. एका बैठकीत सगळं उरकू नकोस. थोडं घासून आठवडाभर शूट कर, मग पुढचं. पोकळी भरायला दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी चालते. हातावर पातळ प्लास्टिक गुंडाळून ती ओली असतानाच ग्रिप धरायची, म्हणजे तुझ्याच हाताचा साचा बसतो. सुकल्यावर वरून खरखरीत कर. गुळगुळीत ग्रिप दिसायला देखणी, पण मुंबईत वरळीच्या रेंजवर पावसाळ्यात घाम फुटला की साबणासारखी निसटते.

फक्त नियम लक्षात ठेव. ग्रिपचा कुठलाही भाग हाताला वेढा घालता कामा नये. पामरेस्ट आणि अंगठ्याचा टेकू ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नयेत, आणि पामरेस्टची कड वर वळलेली चालत नाही. पुट्टी लावताना उत्साहाच्या भरात हीच कड वर वळते आणि इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर पिस्तूल अडकतं. तिथे ते ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसतंय का, दीड किलोच्या आत आहे का, ट्रिगर ५०० ग्रॅमचं वजन उचलतो का, हे सगळं बघतात. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ग्रिपला हात लावू नकोस. घड्याळ, मनगटी, ज्यांचा आधार होऊ शकेल अशा बांगड्याही नेम धरणाऱ्या हातात चालत नाहीत. लग्न झालेल्या मुलींना घरचे त्यावरून बोलतात, तेव्हा सरळ सांगायचं की हा खेळाचा नियम आहे. अंगठीही काढ, ती लाकूड आणि हाड यांच्यामध्ये येते.

पुढे तू २५ मीटरला जाशील तेव्हा हा सगळा विषय दुपटीने मोठा होईल. तिथे .२२ ची खरी गोळी आणि किलोचा ट्रिगर. आणि धक्का. जुन्या काही पिस्तुलांत मॅगझिन मुठीतच असायचं, त्यामुळे ग्रिप किती जाड आणि कुठल्या कोनात हे मॅगझिन ठरवायचं. पार्डिनीसारख्या आजच्या पिस्तुलात मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं. मूठ मोकळी झाली, हवी तशी घडवता आली, वजन पुढे गेलं आणि हात नळीच्या अगदी जवळ बसायला लागला. नळी हाताच्या जितकी वर, तितका धक्का मनगटाला उलटा पिळतो. जवळ असली की धक्का सरळ मागे येतो आणि पिस्तूल आपोआप टार्गेटवर परततं. तिथल्या रॅपिड टप्प्यात हात खाली, मग तीन सेकंदांत वर आणून एक शॉट, सात सेकंद थांबायचं, परत तेच. त्या तीन सेकंदांत ग्रिप शोधायला वेळच नसतो. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, तेव्हा थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ अशी बरोबरी झाली होती. पहिला शूटऑफही बरोबरीत सुटला आणि निकाल दुसऱ्या शूटऑफवर गेला. इतक्या ताणात प्रत्येक वेळी हात त्याच जागी बसला तरच त्या खेळात टिकता येतं.

आणि ‘बायकांसाठी’ म्हणून जे हलकं आणि नाजूक विकलं जातं, त्याला भुलू नकोस. २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ नावाचं .३२ चं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणलं. वजन जेमतेम ५०० ग्रॅम, दागिन्यांच्या पेटीसारखी मरून पेटी. हलकं असलं की पर्समध्ये न्यायला बरं, पण तीच गोळी हलक्या हत्यारातून सुटली की हाताला धक्का जास्त बसतो. शिवाय नेहमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी चक्राच्या वरच्या घरातून सुटते, म्हणजे नळी मुठीच्या बरीच वर. लहान हाताला सोसायला ते अवघडच. बाईच्या सोयीचा विचार वजनकाट्यावर संपत नाही. तिचं बोट ट्रिगरपर्यंत कसं पोचतं, मूठ कुठे भरते, हे कुणीतरी बघायला हवं. इतर कुणी बघितलं नाही, तर आपण बघायचं.

सरांशी बोलताना ‘नीट वाटत नाही’ एवढंच म्हणून गप्प बसू नकोस. ‘विसाव्या शॉटनंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखतं’, ‘डोळे उघडले की फोरसाइट डावीकडे असते’, ‘बोट लाकडाला लागतं’ असं नेमकं सांग. वहीत तारीख घालून लिहून ने. चांगला कोच हे ऐकून पॉलिश पेपर हातात घेतो. जो ‘सवय होईल’ म्हणून उडवून लावतो, त्याला दुसऱ्यांदा सांग, तिसऱ्यांदाही सांग. दुखणं ही सवय करून घ्यायची गोष्ट नाही. या रविवारी रेंजवर गेलीस की आधी ती डोळे मिटायची परीक्षा घे, आणि फोरसाइट कुठे गेली ते मला संध्याकाळी फोन करून सांग.