आघाडीच्या खेळाडूची उमेदवारी

दहावीचा निकाल लागला की फुटबॉलचे वेड असलेल्या मुलाच्या घरात एक प्रश्न ठाण मांडून बसतो: खेळाच्या नादी लागून हा आपले आयुष्य वाया तर घालवणार नाही ना? ही चिंता अनाठायी नाही, आणि उत्तेजनाचे चार शब्द बोलून तिची बोळवण करणे मार्गदर्शकाला शोभत नाही. म्हणून ज्यांनी फुटबॉलपटूचा व्यवसाय या देशात दोन दशकांहून अधिक काळ निष्ठेने केला, त्या सुनील छेत्री यांच्या कारकिर्दीचा दाखला पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी शांतपणे तपासून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

छेत्रींचा जन्म 1984 साली सिकंदराबादेत झाला. वडील लष्करात असल्यामुळे बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड हलवायचे, असा बालपणीचा शिरस्ता होता. आई नेपाळच्या महिला संघाकडून फुटबॉल खेळलेल्या. अशा घरात वाढूनही या खेळावर पुढे पोट चालेल, असे त्यांच्या मनात नव्हते. खेळाच्या आधाराने चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळावा एवढाच इरादा होता, असे त्यांनीच सांगितले आहे. 2002 साली कोलकात्याच्या मोहन बागानने त्यांना करारबद्ध केले आणि 2005 साली क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात त्यांनी गोल केला.

परंतु विद्यार्थ्याने अभ्यासावा असा भाग याच्या पुढचा आहे. 2009 साली लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी ठरलेला करार, जागतिक क्रमवारीत भारत पहिल्या सत्तरांत नाही या सबबीवर ब्रिटिश सरकारने कामाचा परवाना नाकारल्यामुळे, बारगळला. 2010 साली ते अमेरिकेतील कॅन्सस सिटी संघात रुजू झाले, पण तेथे मैदानावर उतरण्याची संधी क्वचितच मिळाली. 2012 साली लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबात गेले, तेव्हा मुख्य प्रशिक्षकाने आठवडाभरातच त्यांची रवानगी दुय्यम संघाकडे केली. तीन वेगवेगळ्या देशांतून आलेले हे तीन नकार पचवून ते मायदेशी परतले, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळले आणि 2013 साली बंगळूरच्या नव्या संघात दाखल होऊन पुढची बहुतेक कारकीर्द त्यांनी तेथेच घडवली.

नकार पचवण्याचे हे बळ कोठून येते, ते कळण्यासाठी आघाडीच्या खेळाडूचे काम जवळून पाहिले पाहिजे. नव्वद मिनिटांच्या सामन्यात चेंडू त्याच्या पायाशी अगदी थोडा वेळ असतो; उरलेला सारा काळ तो बचावपटूच्या नजरेआड दोन पावले इकडे, दोन पावले तिकडे सरकत राहतो, आणि बगलेवरून चेंडू गोलासमोर येणार असे दिसताच जवळच्या खांबाच्या रोखाने मुसंडी मारतो. अशा बहुतेक धावा व्यर्थ जातात, कोणी त्यांची दखलही घेत नाही, तरी पुढची धाव तितक्याच विश्वासाने घ्यावी लागते. छेत्रींची उंची जेमतेम पाच फूट सात इंच. तथापि उडीची वेळ अचूक साधण्याच्या अभ्यासामुळे उंच बचावपटूंच्या गर्दीतूनही डोक्याने गोल करण्यात ते वाकबगार ठरले.

जून 2018 मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर त्यांनी चिनी तैपेईविरुद्ध तीन गोल केले, तेव्हा प्रेक्षक होते अवघे 2,569. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्रफितीतून जनतेला हात जोडून विनवले, की आमच्यावर टीका करा, हवे तर शिव्या द्या, पण मैदानावर येऊन आमचा खेळ पाहा. 4 जूनला केनियाविरुद्ध त्यांचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. त्या दिवशी पावसातही मैदान भरून गेले आणि त्यांनी दोन गोल केले. 2024 साली त्यांनी राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला, तेव्हा 151 सामन्यांत 94 गोल त्यांच्या नावावर जमा होते. पुढच्याच वर्षी त्यांना पुन्हा पाचारण करण्यात आले.

आता व्यवहाराची बाजू. या पेशात मिळकतीची हमी नाही. 2025 साली देशातील अव्वल साखळी स्पर्धा अनिश्चिततेत सापडली, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे पगारदेखील तहकूब केले. म्हणून शिक्षण सोडू नये. शाळेतून सुब्रतो चषकासारख्या स्पर्धा खेळाव्यात, क्लबांच्या वयोगटनिहाय निवड चाचण्यांना जावे, आणि प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवून क्रीडा खात्याकडून त्याची रीतसर पडताळणी करून घ्यावी, कारण महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि सैन्यदलही खेळाडूंची भरती करतात. खेळाडू म्हणून पुढे जाणे जमले नाही, तरी पंचगिरी, फिजिओथेरपी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या 'डी' परवान्यापासून सुरू होणारे प्रशिक्षकाचे क्षेत्र खुले राहते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा आपल्या मातीतून ही वाट निघते याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही.

पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी छेत्री होईल काय, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवा. संघातून वगळले गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मूल आपण होऊन सरावाला जाते काय, एवढेच वर्षभर लक्षपूर्वक पाहा. आणि जात असेल, तर अभ्यासाची शिस्त कायम ठेवून त्याच्या पाठीशी निःशंकपणे उभे राहा.