ज्या कामाची फीत कापता येत नाही

लाखांदूरचे एक निवृत्त आरोग्य सहाय्यक आणि राज्यसेवा परीक्षेची तयारी करणारी त्यांची पुतणी यांच्यातला हा संवाद. राज्यघटनेच्या पुस्तकातल्या एका ओळीवर पुतणी अडली आणि बोलणं सुरू झालं.

पुतणी : काका, सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची सहावी नोंद आहे : सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने. पाठ झाली. पण तिचा आपल्या लाखांदूरशी संबंध काय?

काका : संबंध रोजचा आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची पदं किती असावीत, उपकेंद्राला आरोग्य सेवक मिळतो की नाही, हे मुंबईत ठरतं. हिवाळी अधिवेशनात नागपूरला त्यावर भांडता येतं. केंद्र कार्यक्रम आखतं, निधी देतं, लस पाठवतं. पण आरोग्याची पहिली जबाबदारी राज्याची. साथ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू नये हा विषय तेवढा समवर्ती सूचीत आहे, नोंद 29.

पुतणी : म्हणजे आपल्या आमदाराच्या हातात बरंच आहे. मग लोक त्याच्याकडे रुग्णवाहिकाच काऊन मागतात?

काका : रुग्णवाहिका डोळ्यांना दिसते म्हणून. तिला हार घालता येतो, फोटो निघतो. अमक्या गावात यंदा एकालाही हत्तीपाय झाला नाही, याचं उद्घाटन कसं करणार? टळलेल्या आजाराची फीत कापता येत नाही, म्हणून त्याला मागणीच नसते. रुग्णवाहिका मागावीच, पण ती येते आजार झाल्यावर. त्याच्या आधीचं काम करायला आमदाराकडे तीन साधनं आहेत : कायदा, पैसा आणि प्रश्न.

पुतणी : कायद्यापासून सुरुवात करा.

काका : चौकातल्या पानठेल्यावर उभी राहा, कायदा तिथेच समजतो. ठेलेवाला पन्नीवर सुपारीचा चुरा घेतो, त्यात तंबाखू, वरून चुना, आणि पन्नी गुंडाळून घोट घोट घोटतो. झाला खर्रा. गिऱ्हाईक तो तासन्‌तास गालात धरून ठेवतं. काही वर्षांनी तोंड उघडेनासं होतं. आम्ही तपासणीत सांगायचो, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. जात नसतील तर दवाखान्यात ये, कारण त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. 2016-17 च्या तंबाखूविषयक सर्वेक्षणात महाराष्ट्रात 24.4 टक्के प्रौढ लोक धूररहित तंबाखू खाणारे निघाले.

पुतणी : पण गुटख्यावर तर बंदी आहे ना?

काका : आहे, आणि तिची कथा तुझ्या परीक्षेला उपयोगी आहे. महाराष्ट्रानं गुटखाबंदी पहिल्यांदा 2002 मध्ये केली, पाच वर्षांसाठी. कंपन्या न्यायालयात गेल्या. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. गुटखा चांगला आहे असं काही न्यायालय म्हणालं नाही. 1954 च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली राज्याच्या अधिकाऱ्याला एवढी सरसकट बंदी घालता येत नाही, असं म्हणालं. हेतू चांगला होता, पाया कच्चा होता. मग 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आला, 2011 च्या नियमांत अन्नपदार्थात तंबाखू आणि निकोटीन घालायला मनाई झाली, आणि त्या आधारावर जुलै 2012 मध्ये पुन्हा बंदी झाली. हा आदेश एका वेळी जास्तीत जास्त वर्षभर चालतो, म्हणून दरवर्षी नव्यानं काढावा लागतो.

पुतणी : पण आदेश अन्नसुरक्षा आयुक्त काढतात. यात आमदार कुठे आला?

काका : बरोबर पकडलंस. आदेश अधिकाऱ्याचा असतो, कायदा सभागृहाचा. सभागृहानं मनावर घेतलं तर काय होतं, त्याची दोन उदाहरणं लिहून ठेव. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळानं 1988 मध्ये केला. संसदेचा कायदा आला 1994 मध्ये. एका राज्यानं वाट पाडली, मग देश त्या वाटेनं गेला. दुसरं उदाहरण 2018 चं. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांच्या आगीत 14 माणसं गेली. आग हुक्क्याच्या निखाऱ्यांनी लागल्याचं सांगितलं गेलं, तेव्हा हुक्का पार्लरचा विषय पेटला. तंबाखूवरचा कायदा केंद्राचा, 2003 चा. महाराष्ट्रानं त्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का बार बंद केले आणि तिला राष्ट्रपतींची संमती घेतली.

पुतणी : कलम 254, उपकलम 2!

काका : तेच. म्हणजे केंद्राचा कायदा आहे म्हणून राज्याचे हात बांधलेले नसतात. पण कायदा झाला म्हणजे खर्रा संपला असंही नाही. सुपारी वेगळी, तंबाखू वेगळी, आणि घोटायचं गिऱ्हाइकासमोर, म्हणून पकडणं कठीण. छापा घालायला निरीक्षक लागतो, नमुना तपासायला प्रयोगशाळा लागते, आणि सवय सोडवायला माणूस लागतो. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ चालू आहे, डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या आणि शासनाच्या सहभागानं. गावोगावी बैठका, दुकानांवर गावकऱ्यांचाच दबाव, व्यसन सोडू पाहणाऱ्यांना उपचार, असं ते काम आहे. नदी ओलांडली की वडसा, म्हणजे पाहून यायला लांब जावं लागत नाही. कायद्याच्या मागे पैसा आणि माणूस उभा राहिला की काय करता येतं, ते तिथे बघायला मिळतं.

पुतणी : म्हणजे आता दुसरं साधन, पैसा.

काका : त्याला हत्तीरोगाचं उदाहरण घेऊ. पूर्व विदर्भात हा आजार जुना, आपला भंडाराही त्यात येतो. क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो, नालीत आणि सेप्टिक टाकीत. तो चावला की जंतू शरीरात जातात, त्यांचे सुतासारखे कृमी होतात आणि रसवाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात. त्यांची पिल्लं रात्री रक्तात फिरतात, म्हणून रक्ताचे नमुने रात्रीच घ्यावे लागतात. आम्ही जेवणवेळ उलटल्यावर दार ठोठावायचो. लोक चिडायचे, ‘दिवसा काऊन नाही आले?’ दिवसा बोट टोचून काही सापडत नाही, हे प्रत्येक दारात समजवायचं.

पुतणी : आणि ती गोळ्यांची मोहीम?

काका : डीईसी, अल्बेंडाझोल, आणि काही जिल्ह्यांत सोबत आयव्हरमेक्टिन. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या माणसाची उंची मोजून ठरवतात, पाच वर्षांखालच्या मुलांना त्या देत नाहीत. मोहिमेच्या गोळ्या दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि फार आजारी माणूस सोडून सगळ्यांनी खायच्या, उपाशीपोटी नाही, आणि आशाताईसमोरच गिळायच्या. नंतर कोणाला थोडा ताप, चक्कर आली की गावात बोंब होते, गोळी बाधली म्हणून. खरं तर बऱ्याचदा रक्तातली पिल्लं मरतात म्हणून तसं होतं, म्हणजे त्या माणसाला गोळीची गरजच होती. देशातून हत्तीरोग हटवायचं लक्ष्य 2027 चं आहे.

पुतणी : गोळ्या तर केंद्राच्या कार्यक्रमातून येतात. मग राज्याचा पैसा कुठे लागतो?

काका : गोळी येते. रात्री दार ठोठावणारा आरोग्य सेवक येत नाही, त्याचं पद भरावं लागतं. नाली वाहती ठेवावी लागते. संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधावी लागते. जुन्या कापडाची जाळी आणि एक दोरी, एवढंच सामान, पण टाकीतला डास तिथेच अडतो. आता बघ, आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी. त्यातून नालीचं काम होतं, रुग्णवाहिका होते, पण त्यातून कर्मचाऱ्याचा पगार देता येत नाही. पगार राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो. म्हणून आपला आमदार आरोग्य खात्याच्या अनुदानाच्या मागण्यांवर बोलतो का, कपात सूचना देतो का, याला त्या 5 कोटींहून जास्त मोल आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करावा असं म्हटलंय, तेही 2020 पर्यंत. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली राहिला.

पुतणी : लोकांना हे आकडे कोण सांगतं?

काका : तिसरं साधन त्यासाठीच आहे. प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न येतात. साथ अचानक उसळली तर लक्षवेधी सूचना. मंत्री म्हणाले ‘तीन महिन्यांत पदं भरू’, तर ते वाक्य हवेत जात नाही. आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. औषधखरेदीत घोळ निघाला तर महालेखापरीक्षकांचा अहवाल लोकलेखा समितीपुढे जातो आणि सचिवांना तिथे येऊन खुलासा करावा लागतो. यातल्या कशालाच हार-तुरे नसतात.

पुतणी : पण आमदाराला लाखांदूरची नाली कशी कळणार? आता मतदारसंघ साकोलीचा.

काका : हो, 2008 च्या पुनर्रचनेत लाखांदूर हा स्वतंत्र मतदारसंघ गेला. आमदार एक आणि पाहायचे तालुके तीन. म्हणून आपणच त्याच्या हातात नीट कागद द्यायचा. ग्रामसभेत ठराव करा, गावातल्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडून माहिती घ्या, शहरात असाल तर नगरपंचायतीला विचारा. ‘आरोग्याकडे लक्ष द्या’ असं निवेदन दिलं की त्याच्यावर पोच मिळते, बाकी काही होत नाही. ज्याचं उत्तर आकड्यात द्यावं लागेल असंच विचारायचं.

पुतणी : मग आपण दोघं आत्ताच एक लिहू. वही काढते.

काका : लिही. ‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (1) भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यात आरोग्य सेवकांची मंजूर पदे किती व त्यांपैकी रिक्त किती,’

पुतणी : ‘(2) गेल्या तीन वर्षांत तालुक्यात हत्तीरोगासाठी रात्रीचे किती रक्तनमुने घेतले व किती दूषित आढळले,’

काका : वा. आता खर्ऱ्याचं घाल.

पुतणी : ‘(3) याच काळात तालुक्यात प्रतिबंधित तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीवर किती कारवाया झाल्या व किती प्रकरणांत शिक्षा झाली,’

काका : ‘(4) असल्यास, रिक्त पदे भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,’ आणि शेवटची ओळ विधिमंडळाच्या प्रश्नांत ठरलेली असते, ती विसरू नको.

पुतणी : कोणती?

काका : ‘(5) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’