बारा दिवस कशाची वाट पाहायची?

प्रश्न : आयव्हीएफ सुरू असताना लॅबमधून रोज फोन यायचा. अकरा बीजं मिळाली, सात फलित झाली, तीन पाचव्या दिवसापर्यंत पोचली. त्यातलं एक भ्रूण गर्भाशयात सोडलं, त्याला आज चार दिवस झाले. आता थेट बाराव्या दिवशी रक्त द्यायला बोलावलंय. एवढं बारीक पाहता येतं, तर आत्ता का कळत नाही? काल छाती दुखत होती, आज दुखत नाही. ट्रान्सफरच्या दुसऱ्याच दिवशी मी दोन जिने चढले, ते चुकलं का? प्रेग्नन्सी किट आणून कपाटात ठेवलंय. - एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, लॅबमधल्या पाच दिवसांत भ्रूण काचेच्या बशीत, सूक्ष्मदर्शकाखाली होतं. काही लॅबमध्ये तर इनक्युबेटरच्या आतच कॅमेरा असतो आणि तो दर काही मिनिटांनी फोटो काढत राहतो. गर्भाशयात गेल्यावर यातलं काहीच हाताशी उरत नाही. भ्रूण जेमतेम ०.२ मिलिमीटरचं, ते सोनोग्राफीत दिसत नाही. ट्रान्सफरच्या वेळी तुम्हाला पडद्यावर पांढरा ठिपका दाखवला असेल, तर तो भ्रूणासोबत नळीतून सोडलेल्या थेंबातल्या हवेच्या बुडबुड्याचा होता.

यापुढे कळायचं ते भ्रूणाने स्वतः निरोप धाडला तरच, आणि त्याआधी त्याला बरीच कामं उरकायची असतात. पहिल्या एक-दोन दिवसांत ते आपलं कवच फोडून बाहेर येतं, मग अस्तराला चिकटतं आणि हळूहळू आत शिरतं. त्याच्या बाहेरच्या थरातल्या ज्या पेशींपासून पुढे वार तयार होते, त्याच पेशी हे रुजण्याचं काम करतात आणि एचसीजी नावाचं संप्रेरक बनवतात. ते रक्तात मोजण्याइतकं उतरायला ट्रान्सफरपासून साधारण सहा-सात दिवस तरी जातात, कधी त्याहूनही जास्त. आज चौथ्या दिवशी तुमचं रक्त जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत नेलं, तरी त्यातून भरवशाचं उत्तर मिळणार नाही.

या संप्रेरकाची ओळख पटवायला माणसाने काय काय केलं, तेही ऐका. १९३०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीच्या बेडकीला बाईची लघवी टोचत. बेडकीने दिवसभरात अंडी घातली, की बाईला दिवस गेले म्हणायचे! तुमच्या कपाटातली पट्टी त्याच संप्रेरकाला शोधते. पण तुमच्या बाबतीत ती आज दोन्ही बाजूंनी फसवेल. बीजं काढायच्या आधी पक्व होण्यासाठी जे इंजेक्शन देतात, ते बहुतेकदा एचसीजीचंच असतं आणि काहींच्या शरीरात दहा-बारा दिवस रेंगाळतं. त्यामुळे खोटी रेघ उमटू शकते. आणि रेघ नाही आली, तर भ्रूण रुजत असूनही तुम्ही रात्रभर रडाल. ती पट्टी कुणाकडे तरी देऊन टाका, असं मी मनापासून सांगेन.

छातीचं म्हणाल, तर सध्या तुम्हाला प्रोजेस्टेरॉन चालू असणार, गोळ्या, जेल किंवा इंजेक्शन. छाती दुखणं, पोट फुगणं, बद्धकोष्ठता, दुपारी झापड येणं हे सगळं त्यानेही होतं. पाळीदेखील तेच थोपवून धरू शकतं. त्यामुळे दुखलं म्हणून राहिलं, थांबलं म्हणून गेलं, असा हिशेब मांडता येत नाही. अनेक बायका या दिवसांत तासातासाला स्वतःची छाती दाबून पाहतात. त्यांची ती तगमग मला समजते, पण त्या दुखण्यात उत्तर नसतं.

जिन्यांचं ओझं तर आजच मनावरून उतरवा. गर्भाशय म्हणजे रिकामी पिशवी नसते. तळहातावर तळहात ठेवावा तशा त्याच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि भ्रूण त्या मऊ, ओलसर थरांत असतं. चालण्याने, शिंकण्याने, जिन्याने ते घसरून पडत नाही. ट्रान्सफरनंतर अंथरुणावर पडून राहिल्याने फायदा होत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. भ्रूण रुजत नाही तेव्हा बहुतेकदा कारण त्याच्या गुणसूत्रांतल्या दोषाचं असतं आणि तो दोष ते तुमच्या पोटात येण्याआधीच ठरलेला असतो. घरात कुणी म्हणालं, "उगाच जिना चढलीस," तर हे त्यांना वाचून दाखवा.

थोडा डाग दिसला, तर तो रुजतानाचाही असू शकतो, योनीमार्गात ठेवायच्या गोळ्यांमुळेही असू शकतो. आपल्या मनाने औषधं बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. मात्र पोट झपाट्याने फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली, किंवा खूप रक्त गेलं, तर बाराव्या दिवसाची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा.

मुंबईच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून भारतातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, हर्षा, जन्मली. तेव्हापासून लॅबमध्ये केवढं बदललं! हे मधले दिवस मात्र आजही बाईला वाट पाहूनच काढावे लागतात.

बाराव्या दिवशी बीटा एचसीजीचा आकडा ५ च्या खाली असेल तर नाही, २५ च्या वर असेल तर होय, असं साधारण धरतात. मधला आकडा आला तर दोन दिवसांनी पुन्हा रक्त घेतात. होय आला तरी अनेकदा पुन्हा घेतात, कारण आकडा दोन-तीन दिवसांत जवळपास दुप्पट व्हायला हवा. हृदयाचे ठोके दिसायला त्यानंतरही दोन-तीन आठवडे जातात. रिपोर्टचा फोन कुणी घ्यायचा, हे आजच दोघांनी ठरवून ठेवा. त्या वेळी यजमान कामावर नसतील आणि तुम्ही स्वयंपाकघरात एकट्या नसाल, एवढं बघा.