अळंबी आधी मुलांनाच दिसतात

जुलैतला मेलबर्नचा शनिवार कसा असतो ते तुम्हाला काय सांगायचं! बाहेर बोचरा वारा, घरात हीटर आणि सोफ्यावर टॅब घेऊन गुरफटून बसलेलं मूल. पोहण्याचा क्लास, ट्यूशन, आठवड्याची भाजी, धुण्याचा ढीग, यातूनही वाटतंच की पोराला जरा मोकळ्यावर न्यावं. नेतोही आपण. आणि तिथे गेल्यावर काय म्हणतो? "चल, पाय उचल, अंधाराच्या आत गाडीपाशी पोचायचंय."

एक सुचवू? डँडेनाँगच्या डोंगरात, शेरब्रुकच्या जंगलात एकदा नुसती अळंबी शोधायला जा. आपल्याकडे ती पावसाळ्यात उगवतात, इथे शरदापासून पुढे, जमिनीत ओल मुरली आणि गारठा पडला की. कुजक्या ओंडक्यांवर, पाचोळ्यात, शेवाळात. आपली नजर वाटेच्या टोकाकडे असते, मुलांची पायाशी. पिक्सीज पॅरासोल नावाची एक निळीशार छत्री असते, जेमतेम बोटाच्या नखाएवढी. ती आपल्याला दिसतही नाही. मूल मात्र तिच्यापाशी उकिडवं बसलेलं असतं.

आणि नेमकं तेव्हाच आपल्या तोंडून निघतं, "हात नको लावूस!" भीती खोटी नाही. 2023 मधल्या लिओंगाथा गावच्या त्या विषारी अळंबीच्या जेवणानंतर तर अळंबी म्हटलं तरी पोटात गोळा येतो. तीन माणसं गेली. त्या जेवणातली डेथ कॅप ही अळंबी इथल्या ओक झाडांखाली, अगदी उपनगरातल्या रस्त्याकडेलाही उगवते. शिजवून तिचं विष जात नाही. त्रास सुरू व्हायला बहुधा सहा तासांहून जास्त लागतात, त्यामुळे सुरुवातीला सगळं ठीकच वाटतं.

पण हे विष खाल्ल्याने बाधतं, नुसत्या बोटाच्या स्पर्शाने नाही. मुलाला हा फरक सांगितला तर कळतो हो. बघायचं, वास घ्यायचा, तोडायचं नाही, तोंडात काहीच घालायचं नाही, खाऊच्या डब्याआधी हात धुवायचे. हाती लागेल ते चाखणारं पिल्लू असेल तर त्याचा हात धरूनच चाला. आणि शंका आलीच तर लक्षणांची वाट न बघता 13 11 26 ला फोन करा. विषबाधेसाठीची ही मदत ऑस्ट्रेलियात चोवीस तास मिळते.

भारतातून आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. गावाकडे ज्यांनी आयुष्यभर रानातली अळंबी ओळखून खाल्ली, त्यांची ती ओळख इथे चालत नाही. डेथ कॅप कोवळी असताना आशियातल्या खाण्याच्या अळंबीसारखीच दिसू शकते. सांगताना त्यांचं मन राखावं लागतं, ते तुमचं तुम्ही जमवालच.

आपली आणखी एक सवय म्हणजे मुलाने "हे काय?" विचारलं की लगेच फोन काढायचा. उत्तर मिळतं आणि पोरगं पुढे पळतं. त्यापेक्षा पर्समधला छोटा आरसा त्याच्या हातात द्या. टोपीखाली धरला की न तोडता खालच्या झालरी दिसतात. नाव त्यालाच ठेवू दे, "भजी" म्हणालं तर भजी. फोटो वरून आणि आरशातून काढून ठेवा, खरं नाव रात्री आयनॅचरलिस्ट ॲपवर विचारता येईल. खाण्यायोग्य आहे का, हे मात्र कुठल्याच ॲपला विचारू नका.

एखाद्या दिवशी काहीच सापडणार नाही, मूल कंटाळेल, "घरी जाऊया" म्हणेल. मग जावं. हिवाळ्यात तिथे लायरबर्ड गातो, दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करत. तो ऐकू आला तर तेवढ्यावरही पोरं खूश होतात.

आणि हो, मोजे पँटवरून वर ओढून घ्या. ओल्या पाचोळ्यात जळवा असतात. मुलांना त्यांची गंमतच वाटते, किंचाळतो ते आपण.