वडीलधाऱ्यांसाठी साधा मोबाईल : घेताना काय पाहावे?

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. मालेगावचा ग्रे माल असो की सुरतेची साडी, आम्ही माल डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त पाहतो. सूत कोणते, पन्ना किती, धुतल्यावर आटेल किती, हे विचारल्याखेरीज आमचा सौदा होत नाही. एवढी पारख सांगणारे आम्ही आमच्या वालिदांसाठी मोबाईल घेताना मात्र एकदा नव्हे, दोनदा चुकलो. त्या दोन चुकांतून जे शिकलो ते येथे मांडतो आहोत. व्यापारी घरांत हा प्रश्न आता जवळपास प्रत्येकाचा आहे. मुले दुकानावर, नातवंडे पुण्याला किंवा आखातात, आणि दिवसभर घरात एकटे कोण, तर म्हातारे आईवडील.

अम्मी जुन्या नाशकातल्या जुन्या घरात राहतात, आम्ही वडाळा रोडला. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. ते घर सोडायला त्या तयार नाहीत आणि आम्हीही फार आग्रह धरला नाही. भाच्याने दुबईहून येताना त्यांच्यासाठी चांगला मोठा टच फोन आणला. घरात सर्वांना आनंद झाला. अम्मींनी तो रुमालात गुंडाळून उशाशी ठेवला. आठ महिन्यांत त्यांनी स्वतःहून आम्हाला किती फोन केले हे कोणी मोजलेच नाही. मोजले असते तर पुढचे टळले असते.

थंडीचे दिवस होते. पहाटे वुजू करून येताना त्यांचा पाय घसरला. फोन पलंगाच्या कडेला, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर होता. त्यांनी तो घेतलाही. पण ओल्या बोटांनी पडदा सरकेना. आधी कुलूप उघडायचे, मग हिरवे चित्र शोधायचे, मग यादीत नाव शोधायचे. दोनदा भलतेच काही उघडले. सात वाजता दूधवाला आला तेव्हा त्याने शेजाऱ्यांना हाक मारली. मनगटाचे हाड मोडले होते, बाकी अल्लाहचे शुक्र.

फोन खराब नव्हता. टचचा पडदा बोटातल्या सूक्ष्म विद्युतभारावर चालतो. पडद्यावर पाणी पसरले की बोट नेमके कोठे टेकले हे त्याला कळत नाही. म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी पडलेली असते, तेव्हा उलट त्याला बोटच जाणवत नाही. हात थरथरत असेल तर एका टिचकीच्या दोन होतात, किंवा बोट जास्त वेळ टेकून तिसरेच काही उघडते. बटणाला या गोष्टींशी देणेघेणे नाही. बटण दाबले की दाबले, आणि ते दाबले गेल्याचे बोटाला समजते.

दुसरी चूक घाईची. हॉस्पिटलातून घरी आणले त्याच संध्याकाळी आम्ही एका दुकानातून सर्वांत स्वस्त बटणाचा फोन उचलला. अम्मींचे जुने सिम त्यात घातले, तर रेंजच नाही. दुकानदार म्हणाला, सिम खराब असेल. सिम ठीक होते. फोन फक्त टू-जीचा होता आणि सिम जियोचे. जियोची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली तीच मुळी फोर-जीवर. तिचे टू-जीचे जाळेच नाही. त्या सिमवर साधे बोलणेसुद्धा फोर-जीवरून जाते, त्याला व्होल्टी म्हणतात. एअरटेल, व्ही आणि बीएसएनएलच्या सिमवर टू-जीचा फोन चालतो, जियोच्या सिमवर चालत नाही. म्हणून फोन घेण्याआधी घरातले सिम कोणते हे पाहावे, आणि डब्यावर फोर-जी व व्होल्टी हे दोन्ही शब्द आहेत का ते वाचावे. आमचे मत असे की सिम कोणतेही असो, आता फोर-जीचाच साधा फोन घ्यावा. दोन पैसे जास्त पडतात, पण उद्या कंपनी बदलावी लागली तर फोन फेकावा लागत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग सिमच बदला. तेही होते. मेसेजमध्ये पोर्ट हा शब्द आणि आपला नंबर लिहून १९०० वर पाठवला की नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. पण नवा नंबर मात्र घेऊ नये. म्हाताऱ्या माणसाचा नंबर बँकेच्या खात्याला, आधारला, गॅसच्या पुस्तकाला जोडलेला असतो. ओटीपी त्याच नंबरवर येतो. आमच्या ओळखीच्या एका बुजुर्गांचा जुना नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडला आणि पेन्शनच्या खात्यासाठी त्यांना बँकेच्या चार चकरा माराव्या लागल्या.

मनगट सुटल्यावर आम्ही अम्मींनाच रिक्षात बसवून एम. जी. रोडला नेले. नाशिककरांना सांगायला नको की मोबाईलचा बाजार तेथे, प्रधान पार्कात आणि आसपास भरलेला आहे. हे आधीच करायला हवे होते. गिऱ्हाईकाला विचारल्याशिवाय थान फाडू नये हा आमच्या दुकानाचा पहिला कायदा, आणि घरच्या गिऱ्हाइकाला आम्ही एकदाही विचारले नव्हते. दुकानदाराने म्हाताऱ्यांसाठीचा म्हणून मोठ्या आकड्यांचा, मागे लाल बटणाचा फोन दाखवला, तर अम्मी म्हणाल्या, "मैं अभी इतनी बुड्ढी नहीं हुई." त्यांना हवी होती बॅटरी, म्हणजे टॉर्च. वीज गेली की जिन्यात लागते. २००३ साली नोकियाचा ११०० हा फोन आला, त्याच्या डोक्यावर टॉर्च होता आणि जगभरात तो कोट्यवधींनी खपला. त्या पिढीच्या मनात मोबाईल म्हणजे टॉर्च हे तेव्हापासून बसले आहे. हसू नये, मागणी रास्त आहे. फक्त टॉर्च एका बटणाने लागतो की यादीत शिरून लावावा लागतो, ते दुकानातच पाहावे.

आता पारख कशी करावी ते सांगतो. फोन हातात देऊन आधी न बघता आकडे दाबायला सांगावे. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. त्यावर बोट ठेवले की बाकीचे आकडे अंदाजाने सापडतात. बटणे एकमेकांना अगदी चिकटलेली, गुळगुळीत पत्र्यासारखी असतील तर तो फोन सोडून द्यावा. पडद्यावर अक्षर मोठे करता येते का पाहावे. मोतीबिंदू असलेल्याला रंगीत चित्रावरचे पांढरे अक्षर दिसत नाही, म्हणून मागचे चित्र काढून काळ्यावर पांढरे किंवा पांढऱ्यावर काळे ठेवावे.

आवाजाचे प्रकरण याहून नाजूक आहे. वय झाले की कानाला आधी बारीक, तीक्ष्ण स्वर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे चिमणीसारखी घंटी कितीही मोठी केली तरी उपयोग नाही. जाड, घुमणारी घंटी निवडावी आणि सोबत थरथर चालू ठेवावी. दुकानात एसीच्या शांततेत सर्व फोन चांगलेच ऐकू येतात. आम्ही अम्मींना रस्त्यावर उभे केले आणि आतून फोन लावला. एम. जी. रोडची वर्दळ ही त्यासाठी उत्तम कसोटी. तीन फोन तेथेच बाद झाले. कानात श्रवणयंत्र असेल तर फोनच्या माहितीपत्रकात एम आणि टी या अक्षरांपुढचे आकडे पाहावेत. तीन किंवा चार असेल तर बरे. टी म्हणजे यंत्रातल्या तारेच्या वेटोळ्यातून आवाज थेट घेण्याची सोय. आणि यंत्र कानात घालूनच फोन तपासावा.

भाषेचा अनुभव गमतीचा आला. भारतीय मानक ब्युरोचे २०१६ चे मानक आहे, त्यानुसार आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनवर राज्यघटनेतल्या बावीसही भाषा वाचता आल्या पाहिजेत. मराठीही आली, उर्दूही आली. आम्ही हौसेने सर्व नावे उर्दूत भरली. पण छोट्या फोनवर उर्दू नस्तालिकमध्ये नाही, नस्खमध्ये उमटली. अम्मींची सर्व तालीम नस्तालिकमधली. त्या म्हणाल्या, "ये तो अरबी है." शेवटी नावांचा नाद सोडला आणि आकड्यांवर आलो. इंग्रजी आकडे त्यांना घड्याळामुळे आणि जुन्या टेलिफोनमुळे चांगले येतात.

एक आकडा दाबून धरला की ठरलेल्या माणसाला फोन लागतो, ही सोय बहुतेक प्रत्येक साध्या फोनात असते आणि बहुतेक घरांत ती कोणी लावून देत नाही. दोनवर आम्ही, तीनवर धाकटा भाऊ, चारवर शेजारची मुलगी, सहावर डॉक्टर. पाच आणि नऊ मुद्दाम सोडले. १ जानेवारी २०१७ पासून सरकारी नियम आहे की साध्या फोनात पाच किंवा नऊचे बटण दाबून धरले की संकटाचा फोन लागला पाहिजे, म्हणजे ११२. आपल्या फोनात दोहोंपैकी कोणते ते माहितीपत्रकात पाहावे आणि त्या बटणावर बोटभर लाल कापडी पट्टी चिकटवावी असे आम्हाला सुचले होते, पण पट्टीने आकडाच झाकला जातो. नेलपॉलिशचा एक ठिपका पुरला.

लाल एसओएस बटण वेगळे. ते दाबले की जोरात भोंगा वाजतो आणि भरून ठेवलेल्या पाच-सहा नंबरांवर एकामागून एक फोन जातात. भारतात ईझीफोन या नावाने असे फोन निघाले, आणि नोकियाने २०२२ मध्ये आणलेल्या २६६० फ्लिपमध्येही तसे बटण आहे. फ्लिप म्हणजे घडीचा फोन. उघडला की उचलला, मिटला की कापला, हे म्हाताऱ्यांना पटकन जमते आणि खिशात बटण चुकून दाबले जात नाही. वाईट एवढेच की बिजागरी ही मोडणारी वस्तू. एसओएसचा भोंगा बैठकीत चुकून वाजला की माणूस ओशाळतो आणि दुसऱ्या दिवशी ते बटण बंद करायला लावतो. ज्यांना चक्कर येते, दम लागतो, त्यांना मात्र ते बटण हवेच.

चार्जिंगची पिन ही बारीक गोष्ट, पण साधे फोन मरतात ते तेथेच. जुन्या पद्धतीची पिन एकाच बाजूने जाते. नीट दिसत नाही म्हणून ती उलटी रेटली जाते आणि तोंड तुटते. टाईप-सी दोन्ही बाजूंनी जाते. काही फोनांना ठेवणीचा चार्जर मिळतो, फोन नुसता त्यावर उभा करायचा. मिळाला तर जरूर घ्यावा. बॅटरी मात्र कंपनीचीच घ्यावी आणि फुगलेली दिसली की त्याच दिवशी बदलावी. फुटपाथवरच्या बॅटरीची किंमत कमी असते त्याचे कारण तिच्या आत असते.

कागदाबाबत व्यापाऱ्याला सांगणे म्हणजे सूर्याला दिवा दाखवणे, तरी सांगतो, कारण आमच्या पहिल्या बटणाच्या फोनचे बिल आम्ही घेतलेच नव्हते. *#०६# दाबले की पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो. तोच डब्यावर आणि तोच बिलावर हवा. केवायएम लिहून एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर मेसेज केला की फोन खरा की बनावट ते कळते. फोन हरवला तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तो बंद करता येतो, आणि तेथेही हाच नंबर मागतात.

रिचार्जमध्ये लोक वर्षानुवर्षे जादा पैसे भरतात. ज्या फोनवर कोणी इंटरनेट पाहत नाही त्याला रोजचा डेटा कशाला? ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश काढला आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणे व मेसेजचे पॅक आणावे लागले. काही पॅक जवळपास वर्षभराचे आहेत. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, विचारावे लागते.

दुकानदार म्हणतात की साध्या फोनवर व्हॉट्सअॅपही चालते. कायओएस या प्रणालीवरच्या फोनांवर जून २०२४ नंतर ते नव्याने उतरवता येत नाही, म्हणून त्या आशेवर फोन घेऊ नये. ज्या बुजुर्गांना नातवंडांचे चेहरे पाहायचे आहेत त्यांचा टच फोन काढून घेण्याचे कारण नाही. तो घरात राहू द्यावा, आणि अंगावर बटणाचा असावा. साध्या फोनमुळे फसवणूक संपते असेही नाही. पोलीस किंवा बँकेतून बोलतो म्हणणारा चोर साध्या फोनवरही येतो. काही फोनांत फक्त भरलेल्या नंबरांचेच फोन येऊ देण्याची सोय असते, ती एकट्या माणसासाठी चांगली. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०. ज्येष्ठांच्या इतर तक्रारींसाठी आणि माहितीसाठी १४५६७ हा नंबर आहे.

आणि फोन अंगावर राहिला पाहिजे. कुडत्याला खिसा असतो, बायकांच्या कपड्यांना नसतो, आणि हे आम्ही कापडवाले तीस वर्षे पाहत आलो. दुकानातल्या कटपीसमधून कारागिराकडून एक पिशवी शिवून घेतली. जाड सुती, गळ्यात अडकवायची, तोंडाला नाडी. मोरीत जातानाही ती गळ्यातच राहते. अम्मींना तिचा रंग आवडला नाही, म्हणून दुसरी शिवली. आता मोहल्ल्यातल्या चौघींच्या गळ्यात तशाच पिशव्या आहेत.

शिकवायला आम्ही एक आठवडा घेतला. पहिले दोन दिवस फक्त फोन उचलणे, मग दोनचे बटण, मग चार्जिंग. मधे नातू येऊन रेडिओ दाखवू लागला, त्याला थांबवले. आठव्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी असताना आमचा फोन वाजला. अम्मी विचारत होत्या की डबा खाल्ला का. तेव्हापासून रोज एक वाजता हा फोन येतो. सीझनमध्ये गिऱ्हाईक समोर उभे असते, तरी आम्ही तो घेतो. आणि एक वाजून दहा मिनिटांपर्यंत आला नाही, तर चारच्या बटणावरच्या शेजारच्या मुलीला आम्हीच फोन लावतो.