एकवीस दिवसांची राखण

कोंबडी कोणाच्या दारात नाही? शेत असो वा नसो, चार कोंबड्या असतातच. अंडी विकून मीठमिरची येते. मुलाची वही येते. पाहुणा आला तर ताटात मान राहतो. बहुतेक घरी हा पैसा घरच्या बाईचा असतो. त्याचा हिशेब तिला कोणी विचारत नाही.

पण हा पैसा जातो कुठे, तेही पाहिले पाहिजे. समजा, आपण बारा अंडी रवणीला ठेवली. त्यांतली दोन रिकामी निघाली. दोन पिले अंड्यातच मेली. आठ बाहेर आली. दोन गारठून गेली. एक पाण्याच्या वाटीत बुडाले. दोन घारीने नेली. उरली किती? तीन. बारा अंड्यांची तीन पिले! आपण म्हणतो, नशीब. आता जरा बोटे मोडून मोजू. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. रवणीला बसली की एकवीस दिवस अंडे नाही. पुढे पिले सांभाळते, तेव्हाही दीड-दोन महिने अंडे नाही. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची कोंबडीची मेहनत तीन पिलांवर गेली. ह्यात नशिबाचा भाग थोडा आहे. राखणीचा भाग मोठा आहे. ही राखण कशी करायची, ते आज आपण शिकू.

अंडी निवडताना

अंडे उबवायचे तर कळपात कोंबडा हवा. आठ-दहा कोंबड्यांना एक चांगला कोंबडा पुरतो. कोंबडा नसेल तरी कोंबडी अंडी देते. ती खायला चालतात, पण त्यांतून पिलू निघत नाही.

अंडी ताजी घ्या. थंडीच्या दिवसांत आठवड्याच्या आतली चालतात. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी नकोत. फार मोठे, फार लहान, वेडेवाकडे, तडा गेलेले अंडे घेऊ नका. ते घरात खा. निवडलेली अंडी गार, सावलीच्या जागी ठेवा. निमुळते टोक खाली, बोथट टोक वर. माठाजवळची जागा बरी, चुलीजवळची वाईट.

अंडी धुऊ नका. अंड्यावर निसर्गानेच एक पातळ लेप दिलेला असतो. तो रोग आत जाऊ देत नाही. धुतले की लेप जातो. म्हणून मुळातच स्वच्छ अंडी निवडा. फार घाण असेल ते अंडे बाजूला काढा.

दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ पिलांना मानवतो. भर उन्हाळ्यात अंडी बिघडतात. भर पावसात पिले गारठतात.

कोंबडी बसवताना

खुडूक कोंबडी आपल्याला ओळखता येते. ती जागा सोडत नाही. हात लावला की पिसे फुलवते, ‘खुडूक खुडूक’ करते. तरी एकदम सगळी अंडी देऊ नका. आधी दोन-तीन खायची अंडी देऊन एक-दोन दिवस पाहा. नेट धरून बसली तर ती खरी.

बांबूची पाटी घ्या. तळाला वाळू किंवा राख पसरा. वर पेंढा घाला आणि मध्ये हाताने खळगा करा. कोंबडीच्या अंगावर उवा-पिसवा असतील तर ती स्वस्थ बसणार नाही. म्हणून बसवण्याआधी तिला राखेत मनसोक्त लोळू द्या. पाटी अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवा. मांजर, कुत्रे, मुंगूस तिथे पोचता कामा नये.

गावठी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरे. लोभाने पंधरा-सोळा ठेवली तर कडेची अंडी गार पडतात. कोंबडी अंडी हलवते, म्हणून आज कडेचे अंडे उद्या मध्ये जाते आणि मधले कडेला येते. मग सगळ्यांचेच नुकसान होते.

सगळी अंडी एकाच दिवशी ठेवा, रात्रीच्या वेळी ठेवा. मागून एखादे अंडे घालू नका. पहिली पिले निघाली की कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि मागचे अंडे तसेच राहते. बदकाची अंडीही ह्यांत मिसळू नका. त्यांना २८ दिवस लागतात.

आता आपल्या लिहिण्याचा उपयोग करू. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एक खूण करा. म्हणजे कोंबडीने मागून घातलेले अंडे लगेच ओळखता येईल. आणि वहीत किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तारीख लिहा. १ तारखेला रात्री अंडी ठेवली, तर २२ तारखेच्या सुमारास पिले निघतील. ‘एकादशीला बसवली होती बहुतेक,’ असे म्हणून भागत नाही. शेवटच्या तीन दिवसांना फार महत्त्व आहे. ते दिवस कोणते, हे आपल्याला नक्की ठाऊक हवे.

कोंबडी दिवसातून एकदा उठते. दाणा खाते, पाणी पिते, विष्ठा टाकते आणि परत बसते. दाणापाणी जवळच ठेवा. पंधरा-वीस मिनिटे ती उठली तर घाबरू नका. तेवढ्याने अंडी बिघडत नाहीत. मात्र ती उठलीच नाही, तर दिवसातून एकदा आपण अलगद उठवावी. उपाशी कोंबडी शेवटी रवण सोडून जाते.

सातव्या दिवशी पाहणी

सातव्या-आठव्या रात्री अंधाऱ्या खोलीत अंडी तपासा. हातात बॅटरी किंवा मोबाईलचा दिवा धरा. दुसऱ्या हाताची मूठ करून त्यावर अंड्याचे बोथट टोक वर येईल असे धरा आणि खालून उजेड टाका. अंडे जिवंत असेल तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतील. मध्ये एक काळा ठिपका दिसेल. ते पिलू. अंडे स्वच्छ, काचेसारखे दिसले तर ते रिकामे. आत नुसते रक्ताचे कडे दिसले तर पिलू मेले. रिकामी आणि मेलेली अंडी काढून टाका. राहिली तर ती कुजतात, कधी फुटतात आणि चांगल्यांनाही नासवतात.

अठरा दिवसांनंतर अंड्यांना हात लावू नका. आता पिलू आत वळून जागा धरत असते. हवा फार कोरडी असेल तर पाटीच्या तळच्या वाळूवर कडेने थोडे कोमट पाणी शिंपडा. अंडी भिजवू नका.

पिलू बाहेर कसे येते

हा भाग नीट वाचा. पुष्कळ पिले इथेच जातात, आणि ती मायेने जातात.

अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते. बाहेर यायच्या आधी पिलू चोचीने आतला पडदा फोडते आणि त्या पोकळीतली हवा घेते. हा त्याचा पहिला श्वास. तेव्हा अंड्याला कान लावला तर आतून ‘चिव चिव’ ऐकू येते. मग ते कवचाला बारीक छिद्र पाडते. चोचीच्या टोकावर त्यासाठी एक टणक कण असतो. काही दिवसांनी तो आपोआप गळून पडतो.

छिद्र पडले, आणि पिलू स्वस्थ बसले. एक तास गेला, पाच तास गेले. आपला जीव खालीवर होतो. ‘अगं, अडकलं ते! काढ बाहेर!’ असे कोणी तरी म्हणते. घरचे पोर नखाने कवच सोलते, रक्त येते आणि पिलू मरते.

असे का होते? पिलू स्वस्थ बसलेले दिसते, पण ते रिकामे बसलेले नसते. कवचाच्या आतल्या पडद्यात रक्ताच्या शिरा असतात. त्यांतले रक्त ह्या वेळात पिलाच्या अंगात परत जाते. अंड्यातला उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातो. ती त्याची शिदोरी. हे काम पुरे व्हायला १२ ते १८ तास, कधी २४ तासही लागतात. त्याआधी आपण सोलले तर शिरा तुटतात आणि बलक बाहेर राहतो. म्हणून पहिला नियम हा: छिद्र दिसले की वेळ लिहा, आणि २४ तास हात बांधून बसा.

मदत केव्हा आणि कशी करावी

२४ तास झाले आणि भोक पुढे वाढले नाही, तर बारकाईने पाहा. भोकातला पडदा पांढरा आणि ओलसर असेल तर अजून थांबा. पडदा पिवळा-तपकिरी, कागदासारखा कोरडा झाला असेल आणि पिलाचा आवाज खोल जात असेल, तर ते खरेच अडकले आहे. आता मदत करा.

१. हात साबणाने धुवा. कोमट पाणी आणि स्वच्छ कापूस घ्या. जागा उबदार हवी, वारा नको.

२. कापूस पिळून त्याने पडदा ओला करा. पिलाच्या नाकाचोचीत पाणी जाऊ देऊ नका.

३. भोकापासून सुरुवात करून कवचाचा मुगाएवढा तुकडा काढा, मग दुसरा. बोथट टोकाभोवती गोल गोल जा. पिलू स्वतःही असेच गोल फोडत जाते.

४. रक्ताचा एक थेंब दिसला की तिथेच थांबा. अंडे परत उबेला ठेवा. दोन-तीन तासांनी पुन्हा पाहा.

५. डोके आणि मान मोकळी झाली की आपले काम संपले. पिलू ओढू नका. खालचा अर्धा भाग त्याचे तेच सोडवील. बेंबीला धागा लोंबत असेल तर तोडू नका. तो वाळून गळतो. बेंबी ओली दिसली तर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब लावा.

इतके करूनही एखादे पिलू जगत नाही. काही पिले आतूनच कमजोर असतात. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. पण जे जगण्यासारखे आहे, ते आपल्या घाईने जाऊ नये.

पहिले दोन दिवस

पिलाच्या पोटात बलकाची शिदोरी असते. ती दोन दिवस पुरते. म्हणून पहिल्या दिवशी दाणा नसला तरी चालते. ऊब मात्र हवीच. थंडीने मरतात, तेवढी पिले भुकेने मरत नाहीत.

अशक्त पिलू कोंबडीच्या पायाखाली चेंगरते. ते पुठ्ठ्याच्या खोक्यात निराळे ठेवा. तळाला गोणपाट घाला. नुसता वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नको. त्यावर पाय घसरतात आणि फाकतात. बाटलीत गरम पाणी भरा, बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा. निवली की पाणी बदला. वीज असेल तर ६० वॅटचा जुन्या तऱ्हेचा पिवळा गोळा टांगा. नव्या एलईडी दिव्याने उजेड पडतो, पण ऊब मिळत नाही. गोळा पेंढ्याला किंवा कापडाला लागू देऊ नका, आग लागेल.

ऊब बरोबर आहे का, हे पिलेच सांगतात. सगळी एका ठिकाणी गोळा होऊन ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्मा जास्त झाला. मोकळी पसरून दाणे टिपत असतील तर ऊब ठीक आहे.

पेलाभर कोमट पाण्यात सुपारीएवढा गूळ विरघळवा. पिलाची चोच त्यात अलगद बुडवा, ते आपण होऊन पिईल. चोच उघडून पाणी ओतू नका. ते श्वासात जाते. पाण्याची वाटी उथळ हवी आणि तीत खडे टाका. म्हणजे पिलू बुडणार नाही.

दाण्याला तांदळाची कणी, मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा द्या. नुसत्या दाण्यावर पिलू भरत नाही. वाळवी द्या, उकडून कुसकरलेले अंडे द्या, जमल्यास पिलांचे तयार खाद्य द्या. बुरशी आलेला दाणा कधीही देऊ नका.

तीन गोष्टी रोज पाहा. शेपटीखाली विष्ठा चिकटून जागा बंद झाली असेल, तर कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून काढा आणि पिलू कोरडे करा. पाय फाकले असतील तर मऊ कापडाच्या पट्टीने दोन्ही पाय अंगाच्या रुंदीएवढे अंतर ठेवून सैल बांधा. लवकर बांधले तर तीन-चार दिवसांत सुधारतात. पिलू टवटवीत झाले की रात्री आईच्या पंखाखाली परत सोडा.

घार आणि मानमोडी

दोन-तीन आठवडे पिले मोकळी सोडू नका. डालग्याखाली आईसकट ठेवा. घार, कावळा, मांजर ह्यांचा धोका ह्याच दिवसांत जास्त असतो.

दुसरा शत्रू दिसत नाही. तो म्हणजे मानमोडी. ह्याच रोगाला राणीखेत म्हणतात. एकदा तो आला की खुराडेच्या खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही. लस मात्र आहे. पाच ते सात दिवसांच्या पिलाला लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात. पुढे सहा-आठ आठवड्यांनी दुसरी लस टोचतात. एका कुपीत शंभर किंवा जास्त पिलांची लस असते. फोडलेली कुपी ठेवून चालत नाही. मग आठ पिलांसाठी ती कोण फोडणार? म्हणून आळीतल्या बायकांनी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्या. सगळ्यांची पिले एकदम निघतील. जनावरांच्या दवाखान्यातून एक कुपी बर्फात आणली की साऱ्या आळीचे काम होईल.

कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका. खाऊ नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. लगेच दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. लवकर खबर दिली तर गावाचे नुकसान कमी होते.

लक्षात ठेवा

ताजी अंडी, एकच दिवस. सातव्या रात्री पाहणी. अठरा दिवसांनंतर हात नाही. छिद्र पडल्यावर २४ तास धीर. मग ऊब, पाणी, दाणा, ह्याच क्रमाने.

प्रश्न

१. उबवायची अंडी का धुऊ नयेत?
२. तुम्ही ५ तारखेला रात्री अंडी ठेवली. पाहणी कोणत्या रात्री कराल? पिले कोणत्या तारखेच्या सुमारास निघतील?
३. छिद्र पडल्यावर पिलू स्वस्थ का बसते?
४. पिले एका ठिकाणी गोळा होऊन ओरडत आहेत. तुम्ही काय कराल?
५. वहीत पाच रकाने आखा: ठेवलेली अंडी, रिकामी अंडी, निघालेली पिले, मेलेली पिले, दोन महिन्यांनी उरलेली पिले. पुढच्या रवणीला ते भरा. मागच्या वेळी तीन उरली होती ना? ह्या वेळी किती उरली, ते वर्गात सर्वांना वाचून दाखवा.